जिप्सीत बसून ग्रास ज्युवेल मिळत नाही

मेळघाटात फुलपाखरांची छायाचित्रे काढायला जाणाऱ्यांनी 'खास फुलपाखरांची फेरी' या शब्दांना भुलू नये. ऑक्टोबरच्या अखेरीस सेमाडोहजवळ एका गाडीवाल्याने ठरावीक जागी खाली उतरू देण्याचे कबूल करून माझ्याकडून साडेचार हजार रुपये घेतले, आणि आत शिरल्यावर व्याघ्र प्रकल्पात गाडीतून उतरण्यास बंदी असल्याचे शांतपणे सांगितले. नियम योग्यच आहे. पैसे मोजण्यापूर्वी तो मला आठवायला हवा होता. ग्रास ज्युवेलसारखे दीड-दोन सेंटिमीटरचे फुलपाखरू हलत्या बाकावरून टिपता येत नाही. चार तासांत गव्याची पाठ तेवढी मिळाली.



खरे काम झाले ते दुसऱ्या दिवशी, सेमाडोह गावाला लागून असलेल्या सिपना नदीच्या काठावर, फुकट. मात्र रस्त्यापासून काठापर्यंतची ती दोनशे पावले मी विसरणार नाही. वाळलेल्या गवताची कुसळे मोज्यांतून, पँटच्या शिवणीतून आणि कोपरांत शिरतात, आणि कडेच्या झुडपांवर चढलेल्या खाजकुयलीच्या शेंगांना नुसता दंड घासला तरी अर्धा तास दुसरे काही सुचत नाही. अंग चोळू नये, त्याने शेंगांवरची लव अधिकच रुतते. चिकटपट्टी दाबून ओढून काढावी. पूर्ण बाह्यांचा जाड सदरा आणि पोटाखाली घालायला ताडपत्रीचा तुकडा नसेल, तर या वाटेला जाऊच नये.

ग्रास ज्युवेल जमिनीपासून वीतभर उंचीवरच उडते, त्यामुळे उभ्याने काढलेल्या चित्रात फक्त माती येते. पालथे पडून भिंग त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आणले, की मागचे गवत दूर जाऊन विरघळते आणि मिटलेल्या पंखाच्या कडेचे नारिंगी वेढ्यातले काळे, चमकदार ठिपके उठून दिसतात. फुलपाखराने चौकट भरण्याचा मोह मी सकाळभर केला आणि तो चुकीचा होता: १०० मिमी मॅक्रो भिंगावर, फुल फ्रेम कॅमेऱ्यात, १:१ आकाराला, म्हणजे सेन्सरवर प्रत्यक्षाएवढे चित्र घेताना, छिद्र एफ/११ इतके बारीक ठेवूनही जेमतेम सव्वा मिलिमीटर खोली स्पष्ट येते, तर १:३ ला, म्हणजे एक-तृतीयांश आकाराला, ती सात-आठ मिलिमीटर होते आणि कंबरमोडीचे फूल, त्याचा लांब देठ, शेजारचे दव असा सगळा परिसर चित्रात येतो. सेन्सर पंखाला समांतर धरावा आणि डोक्यासमोर जागा मोकळी सोडावी. कॉमन पिएरो या दुसऱ्या छोट्या फुलपाखराच्या बाबतीत मी त्याच्या मागच्या पंखांच्या शेपट्यांनाच स्पृशा समजून ही जागा मागच्या बाजूला सोडली. बसल्यावर मागचे पंख हलवून ते शत्रूला असेच फसवते, हे मला पाठ होते, तरीही.

दहाच्या सुमारास गुरे पाण्यावर आली तेव्हा मी वैतागून कॅमेरा आवरू लागलो. गुराखी म्हणाला, "थांबा ना सायेब, आता त येतीन थे." गुरे पुढे गेली आणि त्यांच्या मुताने भिजलेल्या वाळूवर पाचच मिनिटांत सात पिएरो येऊन बसले. त्यामुळे वास सहन होत असेल तर गुरे जाईपर्यंत थांबावे, आणि ताडपत्री वारा येतो त्या बाजूला अंथरावी.