तपकिरी भोवत्या: पॅलिड की माँटेग्यू?

पावसाळा सरला की सासवड, सुपे, कडबनवाडी, नान्नजच्या माळांवर भोवत्या, म्हणजे हॅरियर, यायला लागतात. पंख थोडे वर उचलून, गवताला लागून संथ घिरट्या घालणारा सडपातळ पक्षी दिसला की हॅरियर हे नक्की. पुढचं, म्हणजे तो पॅलिड हॅरियर की माँटेग्यू हॅरियर हे ठरवणं, अवघड.

राखाडी नर फारसा त्रास देत नाहीत. पॅलिडच्या पंखाच्या टोकाला काळी अरुंद पाचर असते आणि पोट स्वच्छ. माँटेग्यूचं अख्खं टोक काळं, पंखावर काळी आडवी पट्टी, पोटावर तांबूस रेघा. खरा घोळ माद्या आणि पहिल्या वर्षाच्या पिल्लांचा, ज्यांना सगळे रिंगटेल म्हणतात. शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा दिसला की ‘पॅलिड’ लिहून मोकळं होणारे पुष्कळ आहेत. तो पट्टा दोन्ही प्रजातींत असतो, त्यावरून काहीच ठरत नाही.

आधी वय ठरवा. पोट एकसारखं तांबूस-केशरी, त्यावर रेघा जवळपास नाहीत आणि पंखांची पिसं सगळी सारखी, नीटस असतील तर ते पिल्लू. मादीचं पोट फिकट आणि त्यावर स्पष्ट उभ्या रेघा. मात्र उन्हाने पिल्लाचा तांबूस रंग उडतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते बरंच फिकट दिसतं, तेव्हा रंगापेक्षा रेघांवर भर द्या.

पिल्लू असेल तर सरळ मानेकडे पाहा. पॅलिडच्या गालावरचा गडद डाग चोचीच्या मुळापर्यंत पोचतो, त्यामागे रेघा नसलेली फिकट कॉलर आणि तिच्यामागे मानेच्या बाजूला गडद तपकिरी भाग, मफलर गुंडाळल्यासारखा. माँटेग्यूत डोळ्याभोवती पांढरं जास्त, गालावरचा डाग चोचीच्या अलीकडेच थांबतो आणि कॉलर नसते किंवा अगदी पुसट असते. मग पंखाची खालची बाजू. माँटेग्यूच्या पिल्लाची बाहेरची ‘बोटं’, म्हणजे पंखाच्या टोकाची सुटी दिसणारी लांब पिसं, गडद आणि पंखाच्या बाहेरच्या भागाची मागची कडही गडद. पॅलिडमध्ये बोटांची फक्त टोकं गडद, आणि मुळाशी बहुतेकदा फिकट चंद्रकोर.

मादीत मान मदत करते, पण निकाल लागतो तो पंखाखाली. पॅलिडच्या मादीचा शरीराजवळचा अर्धा पंख खालून गडद आणि बाहेरचा फिकट. गडद भागातल्या फिकट पट्ट्या अंगाकडे येताना अरुंद होत पुसतात. माँटेग्यूत त्या पट्ट्या अंगापर्यंत ठळक राहतात, आणि काखेत तांबूस-तपकिरी जाड आडवे पट्टे असतात. काखेचा स्वच्छ फोटो मिळाला तर बहुतेक वाद तिथेच मिटतो.

म्हणून फोटो खालच्या बाजूचेच हवेत. सूर्य पाठीशी, शटर १/२००० किंवा त्याहून वेगवान, आणि उजळ आकाश मागे असेल तर एक्स्पोजर एक स्टॉपने वाढवायचं, नाहीतर पंखाखालचं सगळं काळं येतं. पक्षी वळताना सलग फ्रेम घ्या. एकाच फ्रेमवर भरवसा ठेवू नका.

माँटेग्यूचे पंख जास्त लांब आणि निमुळते हे खरं, पण प्रौढ पक्ष्याची बाहेरची पिसं हिवाळ्याच्या सुरुवातीला पूर्ण वाढलेली नसली तर माँटेग्यूसुद्धा आखूड पंखांचा वाटतो. शिवाय संकरित पक्षीही नोंदले गेले आहेत, त्यामुळे एका खुणेवर निर्णय नको. दोन-तीन जुळल्या पाहिजेत. नाही जुळल्या तर ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, ‘हॅरियर, प्रजात अनिश्चित’ हीच योग्य नोंद, कारण पॅलिड जागतिक पातळीवर ‘संकटसमीप’ गणला जातो आणि चुकीच्या नोंदींनी त्याचा हिशेबच बिघडतो.

संध्याकाळी हॅरियर गवतात जमिनीवर एकत्र मुक्कामाला उतरतात. भावनगरजवळचं वेळावदर त्यासाठी जगभर ओळखलं जातं. तिथे किंवा आपल्याकडच्या मुक्कामावर गाडी गवतात घालू नका, वाटेवरूनच मोजा. सूर्य बुडाल्यावर रंग, रेघा काही कळत नाही. तेव्हा फक्त एकूण आकडा घ्यायचा, प्रजाती नाही.