पद्मिनीचं जाम स्टिअरिंग सोडवताना

आमची १९७८ची प्रीमियर पद्मिनी अलिबागला उघड्या शेडमध्ये बरीच वर्षं उभी होती. खाऱ्या हवेनं पत्रा खाल्लाच, पण खालच्या सांध्यांची दशा त्याहून वाईट. ग्रीस वाळलं की तिथं ओल धरून राहते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून दोन भाग एकमेकांत पाचर ठोकल्यासारखे घट्ट बसतात. पुढची चाकं उचलून घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेतली तरी स्टिअरिंग तसूभरही फिरेना.

पाना हातात घेण्याआधी मी कुर्ल्याला सीएसटी रोडवर चक्कर मारली. ही गाडी बनायची कुर्ल्यातच, आणि तिचे सुटे भाग शोधायला आजही तिकडेच जावं लागतं. टाय रॉड एंड, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्यांच्या टोकांचे सांधे, नवे मिळाले. स्टिअरिंग बॉक्स (स्टिअरिंगच्या गिअरची पेटी) आणि तिच्या शाफ्टवर बसून त्या दांड्या हलवणारा ड्रॉप आर्म मात्र चांगल्या अवस्थेत कुठेच दिसले नाहीत. मग ठरलं: टाय रॉड एंड तुटले तरी चालतील, ड्रॉप आर्मला ओरखडाही नको. पुढचं सगळं काम या एका निर्णयावर चाललं.

अॅसिटोन आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) ऑइल निम्मं निम्मं मिसळून रोज सांध्यांवर सोडत होतो आणि हलकेच ठोकत होतो. ठोक्यांनी गंजाला बारीक भेगा पडतात, तेल आत शिरतं. अॅसिटोन चटकन पेट घेतो, त्यामुळे त्या दिवसांत शेडमध्ये गॅस किंवा ग्राइंडर आणू दिला नाही. नट फिरू नये म्हणून घातलेल्या स्प्लिट पिना तर नटातच कुजल्या होत्या, त्या ड्रिलनं काढाव्या लागल्या.

टाय रॉड एंडची पिन निमुळती असते, म्हणून ती खालून ठोकून निघत नाही, उलट आटे चेचतात. नट दोन-तीन आट्यांवर तसाच ठेवला, म्हणजे सुटल्यावर रॉड अंगावर येत नाही. पिन ज्या भोकात बसते त्या चाकाकडच्या आर्मच्या डोळ्याला एका बाजूनं जड घण टेकवला आणि समोरून हातोडीचा सणसणीत घाव घातला. डोळा क्षणभर दबतो आणि पिन टक्‌ करून सुटते. रॉड सोडण्याआधी पिनेपासून पिनेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवलं, नाहीतर नंतर अलाइनमेंटच्या दुकानापर्यंतही गाडी नीट जात नाही. आणि एका टोकाचे आटे उलटे असतात! हे लक्षात नसेल तर माणूस सोडवतोय समजून आवळत बसतो.

खरी कसोटी ड्रॉप आर्मची. मिस्त्री म्हणाले, ‘‘साहेब, गॅसनं लाल करू, लगेच निघेल.’’ मी म्हटलं, ‘‘नको काका, हा परत मिळायचा नाही.’’ घडीव आर्म लाल केला की त्याचं पाणी उतरतं, म्हणजे पोलादाचा कणखरपणा जातो, आणि स्टिअरिंगच्या भागात तसली जोखीम मला मान्यच नाही. शिवाय शेजारीच तेल अडवणारं ऑइल सील, ते उष्णतेनं जळायचं. आर्म आणि शाफ्टवर पंचानं समोरासमोर खुणा केल्या, पुलर (स्क्रूनं ओढून काढायचं अवजार) लावला, ताण देऊन रात्रभर तसाच ठेवला. सकाळी थोडा आणखी ताण, थोडं तेल, आणि आर्मच्या डोळ्यावर बाजूनं ठोके. पुलरच्या बोल्टवर ठोकायला मिस्त्रींना मी मनाई केली होती, कारण तो हादरा थेट बॉक्समधल्या गिअरवर जातो. हे असंच काही दिवस चाललं आणि एका सकाळी आर्म टणकन सुटला. मिस्त्रींनाच माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला.

बॉक्समधलं तेल काळं, घट्ट झालेलं, पण त्यानंच आतले दात वाचवले होते. नवं सील घातलं, ईपी ९० गिअर ऑइल भरलं. आर्म एका इंजिनिअरिंग वर्कशॉपमध्ये तडे दाखवणाऱ्या लाल रंगाच्या चाचणीनं तपासून घेतला. तडा कुठेच नव्हता, स्प्लाइन (शाफ्टवर पकड घेणाऱ्या खाचा) शाबूत होत्या. पंचाच्या खुणा जुळवून तोच आर्म परत बसवलाय.