आखाजी ते आखाजी

आमच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर दोन हस्ताक्षरं असतात. आप्पांचं निळ्या पेनाचं, मास्तरी, वळणदार: घरपट्टी, पाणीपट्टी, गाडीचा विमा. आणि आईचं, गॅसच्या ओट्यावर पडलेल्या पेन्सिलीच्या तुकड्याचं: बिबडे, मसाला, गव्हाला ऊन. मार्चच्या पानावर दोघांची इतकी दाटी होते की दुधाचा खाडा मांडायला जागा उरत नाही.

बिबड्यांच्या दिवशी घर पहाटेच उठतं. भिजवून दळलेल्या ज्वारीचं पीठ मोठ्या पातेल्यात रटरटत असतं. ते हाटता हाटता काकूचा दंड भरून येतो, मग दुसरी कुणीतरी दांडका हातात घेते. गच्चीवर ओलं धोतर पसरलेलं असतं. तिळाचे, लाल मिरचीचे ठिपके असलेले पातळ बिबडे ऊन चढायच्या आत त्यावर थापून व्हायला हवेत. अमळनेरात मार्च संपताना आठ वाजताच ऊन चढलेलं असतं, त्यामुळे ही मुदत अगदीच आखूड. वाटीभर गरम चीक, त्यावर कच्च्या तेलाची धार, एवढ्या मजुरीवर मी कावळे हाकायला बसतो. आप्पा त्या वेळी घरपट्टीच्या लायनीत असतात. बिल आलेलं असतं केव्हाच, पण शेवटच्या दिवसाशिवाय पैसे भरण्यात त्यांना गोडी नाही. लायनीत निम्मे त्यांचे जुने विद्यार्थी भेटतात. मला वाटतं, ते त्यासाठीच थांबतात.

३१ मार्च तसा आमच्याकडे उपराच. खान्देशाचं खरं वर्ष संपायचं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, साल आखाजी ते आखाजी. इतके पैसे, इतकी ज्वारी, एक धोतरजोडी, पायात जोडा, असं तोंडी ठरायचं आणि वर्षभर पाळलं जायचं. सोडायचं तर आखाजीलाच, मध्येच गेला तर गावभर बभ्रा. यात उगाच फार गोडवा शोधू नये. हिशेबाला बसलं की उचल वजा जाता हातात फार काही पडत नसे, आणि उरलेली उचल पुढच्या सालाला चिकटायची. सालदाराला कुणी मुदतवाढ विचारत नसे, ती आपोआप मिळायची.

पण हिशेब झाला की अख्खं गाव बाहेर. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या, निंबाला झोके बांधलेले, आणि एरवी पत्त्यांचं नाव काढलं तर अंगावर येणारी म्हातारी माणसं ओट्यावर डाव मांडून बसलेली. घरात पितरांची घागर भरलेली, तिच्यावर खरबूज. आमच्याकडे घागर भरल्याशिवाय कुणी आंब्याला तोंड लावत नाही. बाजारात आंबा येऊन पंधरा दिवस झालेले असतात, वास नाकात शिरत असतो, पण नाही म्हणजे नाही. मग त्या दिवशी खापरावरच्या पुरणपोळ्या आणि पातेलंभर रस. त्यानंतर आठवडाभरानं अमळनेरचे संत सखाराम महाराज यांचा रथ निघतो, बोरी नदीच्या कोरड्या पात्रात यात्रा भरते, आणि अमळनेरकर रात्री उशिरापर्यंत वाळूत फिरतात. घरात निजवत नाहीच म्हटल्यावर काय करणार!

मृग लागला की शेतकरी चुलतभाऊ फोन उचलत नाही. आषाढात कांदेनवमीला आई कांदा-वांग्याचा साठा संपवते. भजी, भरीत, झुणका, एका दिवसात सगळं. दोन दिवसांनी एकादशी, मग चातुर्मास, वांगं बंद.

श्रावणात माझी स्वतःची फजिती असते. इन्कम टॅक्स रिटर्नची तारीख ३१ जुलै, आणि त्याच्याच आगेमागे कानबाई, आमच्या खान्देशातल्या देवीचा सण. नागपंचमीनंतरचा रविवार. भाऊबंदकी जमते, ज्यांचं वर्षभर एकमेकांशी बोलणं नसतं तेही एका पंगतीला बसतात, कारण कानबाईच्या प्रसादाचे रोट भावकीनंच संपवायचे, तेही पौर्णिमेच्या आत. या मुदतीत सूट नाही. २०२५ साली रिटर्नची तारीख १५ सप्टेंबरपर्यंत वाढली, म्हणून मी निवांत रोट खाल्ले आणि जे विसरलो ते १५ तारखेच्या रात्री आठवलं. मग आणखी एक दिवस वाढला, त्या एका दिवसात उरकलं. एवढी लाज मला दहावीच्या गणितातही वाटली नव्हती.

सरकारी तारखांतली मला आवडणारी एकच: ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकाची मोबाईलवरून सरकारदरबारी नोंद. खरिपाची ऑगस्टमध्ये सुरू होते. घरात बसून होत नाही, पिकाचा फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो. चुलतभावासोबत मी जातो. काळ्या जमिनीत चपला रुततात, कपाशी मांडीला लागते, आणि तो मोबाईल आभाळाकडे धरून रेंज शोधत बांधावर मागेमागे सरकत असतो. एकदा सरकत सरकत तो चारीत बसला. फोटो मात्र चांगला आला होता.

नोव्हेंबरच्या पानावर आप्पांचं एकच टिपण: हयातीचा दाखला. दरवर्षी पेन्शनीसाठी आपण जिवंत आहोत हे सांगायला जायचं. आयुष्यभर खडू धरलेला त्यांचा अंगठा यंत्रावर काही केल्या उमटत नाही. पुसतात, फुंकर मारतात, डोक्यावरून फिरवून तेल लावतात, पुन्हा टेकवतात. गेल्या खेपेला चौथ्यांदा लाल दिवा लागला तेव्हा यंत्राकडेच बघून म्हणाले, "अजून जित्ता शे रे मी!" मागच्या लायनीत हशा पिकला. शेवटी मोबाईलसमोर चेहरा धरून काम झालं.

त्याच आठवड्यात, २६ तारखेला, चंपाषष्ठी होती. खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवला आणि आईचं वांगं सुटलं. संध्याकाळी सगळे शेतात. मागच्या वर्षीच्या कपाशीच्या काड्या पेटवल्या, त्यावर हिरवी, लांबट, पांढऱ्या रेघांची बामणोदची वांगी टाकली. साल करपून फुटलं, वाफ बाहेर आली. चुलतभाऊ परात आणायला गेला तेवढ्यात आप्पांनी एक वांगं उचललं आणि त्याच अंगठ्यानं रसरशीत गरम साल सोलायला लागले. मी म्हटलं, "आप्पा, भाजेल ना."

"तू कांद्याची पात आण," ते म्हणाले.