शंख ओळखायचे तर आधी तोंड बघा (माझा अनुभव)

घरात डबे भरून शंख साठले होते, गोव्यात केरीच्या किनाऱ्यावरचे, मांद्र्याला रापण ओढल्यावर जाळ्यातून खाली पडतात ते, चोडणच्या खारफुटीतले आणि सत्तरीत मामाच्या कुळागरातल्या (पोफळीच्या बागेतल्या) गोगलगायींचे पण, सगळे रिकामे. यंदा पावसात बसून ते नावानिशी लावायला घेतले. कुणाला तरी उपयोग होईल म्हणून लिहितेय.

पहिली गोष्ट, रंग धरून चालू नका. आपल्या वाळूत बटणासारखे चपटे गुळगुळीत शंख मिळतात ना, उंबोनियम वेस्टियारियम, त्याचे मूठभर गोळा केले तर करडे, गुलाबी, पिवळसर, पट्ट्यांचे, ठिपक्यांचे असे सगळे निघतात आणि जात एकच! आकार आणि तोंड मात्र सगळ्यांचं सारखं. म्हणून मी तोंडावरूनच ढीग केले. तोंडाच्या खालच्या टोकाला नळी किंवा खाच असेल तर तो बहुधा समुद्रातला, आणि बऱ्याचदा मांसाहारी (म्युरेक्स, बॅबिलोनिया). तोंड गोल किंवा अर्धगोल, नळी नाही, तर नेरिटा, नॅटिका, टर्बो असे बरेच पर्याय राहतात. कवडीचं तोंड म्हणजे दोन्ही बाजूंनी दात असलेली लांब फट, पण पिल्लू कवडीला हे दात नसतात आणि कड पातळ असते, त्यामुळे ती कवडी वाटतच नाही.

शिंपल्यांवर भोकं दिसतात तीपण टाकून देऊ नका. कड आत उतरती, वाटीसारखी असेल तर नॅटिकाच्या कुळातल्या शंखाचं काम, सरळ उभं भोक असेल तर बहुतेक म्युरेक्सच्या कुळातलं. मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडला, कोणी कोणाला खाल्लं ते त्या शिंपल्यावरच दिसतं.

मग डावा-उजवा. पिळाचं निमुळतं टोक वर धरायचं, तोंड आपल्याकडे, ते उजवीकडे उघडत असेल तर उजवा, आणि बहुतेक सगळे उजवेच असतात. पूजेचा शंख आपण नळीकडचं टोक वर करून बघतो म्हणून दक्षिणावर्ती म्हणतात तो शास्त्राच्या हिशोबाने डावा ठरतो. खरा टर्बिनेला पायरम (म्हणजे पूजेचा शंख) डावा मिळणं फारच दुर्मिळ, बाजारात त्या नावाने अमेरिकेकडचा मुळातच डावा असणारा वेगळाच शंख खपवतात, पैसे टाकण्याआधी बघून घ्या. जमिनीवरच्या गोगलगायींमध्ये मात्र सह्याद्रीतल्या एरिओफँटाच्या काही जाती कायमच्या डाव्या, त्यामुळे कुळागरातला डावा शंख दिसला की अर्धं काम झालं.

जमिनीवरच्यांत झाकण बघायला विसरू नका. सायक्लोफोरससारख्यांना खरं गोल झाकण असतं, बाकीच्या उन्हाळ्यात तोंडावर सुकलेल्या चिकट द्रवाचा पातळ पडदा घेतात, तो झाकण नव्हे. शेतातल्या पाण्यात असते त्या पिला नावाच्या गोगलगायीलापण झाकण असतं. आणि केळीच्या बुंध्याशी ती मोठी लांबट तपकिरी गोगलगाय दिसते ती आफ्रिकेची, 1847 मध्ये कोलकात्यात आणून सोडलेली, तिला उघड्या हाताने धरू नका, तिच्यात उंदरांच्या फुप्फुसातल्या जंताची पिल्लं असू शकतात.

नावं मी मोलस्काबेसवर (शंख-शिंपल्यांच्या शास्त्रीय नावांची ऑनलाइन यादी) तपासली, कारण जुन्या पुस्तकांतली बरीच नावं बदललीत. खारफुटीतला सेरिथिडिया सिंग्युलाटा आता पिरेनेला सिंग्युलाटा झालाय, ती आफ्रिकेची गोगलगाय अकॅटिना फुलिका आता लिसाकॅटिना.

प्रत्येक डब्यात चिठ्ठी टाका: जागा, तारीख, वाळू की खडक की चिखल. चिठ्ठी नसेल तर नुसत्या शंखाचा अभ्यासाला फारसा उपयोग नाही, हे मी अगदी ठामपणे सांगेन. उचलताना आत शंखखेकडा नाही ना बघा, त्याचं ते घर असतं. जिवंत असेल तर परत पाण्यात, आणि कोनस (शंकूच्या आकाराचा शंख) असेल तर हातच लावायचा नाही, त्याचा विषारी दात लागतो. 1972 च्या वन्यजीव कायद्यात कॅसिस कॉर्नुटा, ट्रायटन, नॉटिलस असे काही संरक्षित आहेत, ते विकत घेऊच नका.

माझे टरेट आणि बारीक सेरिथ (दोन्ही लांबट, टोकदार शंख) अजून कुळापर्यंतच आलेत, जात लावायला भिंग चांगलं लागेल. कुणाकडे गोव्याच्या किनाऱ्यावरच्या टरेटचे जवळून काढलेले फोटो असतील तर दाखवा.