हेल्मेट डोक्यात जाईना

सर्जनांच्या चिठ्ठीवर एवढंच होतं: 'ओटोस्क्लेरोसिस? ऑपरेशनआधी ऑडिओमेट्री.' काका ६७ वर्षांचे. ओटोस्क्लेरोसिस म्हणजे मधल्या कानातलं हाड जखडून ऐकू कमी येण्याचा आजार. तो बहुतेकदा ऐन तारुण्यात नाहीतर चाळिशीच्या आसपास डोकं वर काढतो. त्यामुळे ते प्रश्नचिन्ह मला जरा ठळकच दिसलं.

लोकांना वाटतं, आम्ही ऑडिओलॉजिस्ट हेडफोन लावतो आणि 'ऐकू आलं की बटण दाबा' म्हणतो. खरी कसोटी हाडावाटे होणाऱ्या चाचणीत असते. कानामागच्या उंचवट्यावर व्हायब्रेटर टेकवला की आवाज बाहेरचा आणि मधला कान टाळून आतल्या कानात पोचतो. पंचाईत अशी, की कवटी एकच. उजव्या बाजूला दिलेला आवाज डावा कानही जवळपास तितकाच ऐकतो. म्हणून त्याला खरखर ऐकवून गुंतवून ठेवायचं, हे मास्किंग. खरखर कमी पडली तर दुसराच कान चोरून उत्तरं देतो, जास्त झाली तर तपासायचा कानही बुडतो. प्रत्येक फ्रिक्वेन्सीचा हिशेब निराळा. कित्येक ठिकाणी हे करतच नाहीत, आणि तरी रिपोर्टवर सही असते.

मी हेडबँड लावला तर काका कळवळले. "आवळतंय हो." पट्टी ताणून पुन्हा बसवली. चष्म्याच्या काड्यांनी दोन्ही कानशिलांवर वळ उठले होते.

"चष्मा नवा आहे का?"

"दुसऱ्यांदा सैल करून आणलाय," काकू मध्येच म्हणाल्या. "आणि दहा वर्षांचं हेल्मेट आता डोक्यात जात नाही. म्हणतात, आटलंय."

हेल्मेट आटत नाही.

१८७७ साली सर जेम्स पॅजेट यांनी ज्या हाडाच्या आजाराचं वर्णन केलं, त्यातल्या पहिल्या रुग्णाला टोप्या मोठ्या मोठ्या घ्याव्या लागत होत्या. त्याच रुग्णाला पुढे ऐकूही कमी येऊ लागलं. कॉलेजात परीक्षेपुरतं वाचलेलं हे सगळं त्या क्षणी समोर आलं. या आजारात हाड खाणाऱ्या पेशी बेफाम होतात आणि मागोमाग घाईघाईत रचलेलं, वेडंवाकडं, कच्चं हाड तयार होतं.

ऑडिओग्राम पूर्ण केला. वरच्या फ्रिक्वेन्सींना आतल्या कानाची, नसेची घट, खाली २५० आणि ५०० हर्ट्झला हवेतून ऐकणं आणि हाडावाटे ऐकणं यांच्यात २५ डेसिबलची फट. ही फट दिसली की सगळ्यांचा संशय स्टेपीज या मधल्या कानातल्या, ओटोस्क्लेरोसिसमध्ये जखडणाऱ्या इवल्याशा हाडावर जातो. पण पॅजेटमध्ये कानातली हाडं बहुधा मोकळीच हलत असतात. बिघाड आतल्या कानाभोवतीच्या हाडाच्या कवचात असतो. स्टेपीज बदलून त्याचा सहसा काही उपयोग होत नाही.

काकूंच्या पिशवीत सहा महिन्यांपूर्वीचा रक्ताचा रिपोर्ट होता. अल्कलाइन फॉस्फटेज, म्हणजे लिव्हर किंवा हाडं बिघडली की रक्तात वाढणारं एन्झाइम, ४१२; तिथली वरची मर्यादा १२०. कॅल्शियम नॉर्मल. कुणीतरी पेनने लिहिलं होतं, 'लिव्हर ठीक'. म्हणजे लिव्हर ठीक निघाल्यावर तो आकडा कुणाचाच उरला नव्हता. आपल्याकडे तपासण्या भरपूर होतात, सगळे कागद एकत्र ठेवून बघायला कुणी बसत नाही.

निदान करणं माझं काम नाही, म्हणून सर्जनांना फोन केला. आधी ते वैतागले, मग त्यांनी कवटीचा एक्स-रे सांगितला. त्यात कापसाचे पुंजके चिकटवावेत तशी कवटी आली. ऑपरेशन रद्द झालं. क जीवनसत्त्व नव्हे, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि किडनी तपासून काकांना हाड खाणाऱ्या पेशींना आवर घालणाऱ्या झोलेड्रोनिक अॅसिडचं ५ मिलिग्रॅमचं एकच सलाईन दिलं गेलं. ('क'चा घोळ काकूंचा, त्यांनी महिनाभर लिंबूपाणी पाजलं.)

इथवर सांगितलं की सहकारी पाठ थोपटतात. पुढचं त्यांना सांगत नाही.

दोन वर्षांपूर्वी हेच काका आमच्याकडे येऊन गेले होते. फाइल काढली, तर सही माझीच. २५० आणि ५०० हर्ट्झला फट तेव्हाही होती, १५ डेसिबलची. बाहेर रांग होती, मास्किंग मी दोनच फ्रिक्वेन्सींना केलं होतं, आणि व्हायब्रेटर नीट बसला नसेल असं धरून खाली लिहिलं होतं: 'वयोमानानुसार.' मास्किंगवरून वर केवढं बोलले मी!

सहा महिन्यांनी काका आले तेव्हा फॉस्फटेज ९६ होतं. ऐकू येणं होतं तिथेच. गेलेलं सहसा परत मिळत नाही, पुढची घसरण रोखली गेली तर मिळवलं. काकांनी विचारलं, "आकडा उतरला, मग मला ऐकू का येत नाही?"

मी उजव्या कानाशी जाऊन सावकाश समजावलं. नवं श्रवणयंत्र लावलं. ते म्हणाले, "तुम्ही त्या वेळीही असंच कानाशी येऊन बोलला होतात. मशीन नको, वयच झालंय, म्हणाला होतात."

मी मान हलवली आणि आवाज दोन टप्पे वाढवून दिला.