रतनगड ते सांधण: फाल्गुनातला शनिवार-रविवार

भंडारदऱ्याजवळच्या रतनवाडीतून रतनगड चढायचा, त्र्यंबक दरवाज्याने साम्रदला उतरायचं, मुक्काम करायचा आणि रविवारी सांधणच्या घळीत पहिल्या मोठ्या कड्यापर्यंत जाऊन आल्या वाटेने परतायचं. दोन दिवसांत चढाईचा दम फारसा लागत नाही. कस लागतो तो उतरताना, आणि सॅक भरण्यापासून निघायच्या वेळेपर्यंत सगळं त्या हिशेबानेच ठरवावं लागतं.

फेब्रुवारीअखेर ते मार्चचा मध्य हा काळ उत्तम. सांधणमधल्या डोहांचं पाणी तोवर बरंच उतरतं, दगड कोरडे असतात. पुढे कातळ इतका तापतो की दुपारी हात टेकवत नाही. या दिवसांची एक खोड मात्र लक्षात ठेवा. मुरमाड उतारावर आडवं पडलेलं वाळकं गवत पावसाळ्यातल्या चिखलापेक्षा जास्त दगा देतं. बुटाच्या खाली गवत सरकतं, गवताखाली मुरूम सरकतो. कारवीचे सुकलेले दांडे दिसायला भक्कम असतात, पण भार टाकला की काडकन मोडतात. त्यांना आधारासाठी धरूच नका.

गाडी आधी साम्रदला लावून तिथून जीपने रतनवाडीला यावं. उलटं केलं तर रविवारी दमलेल्या पायांनी गाडीची शोधाशोध करावी लागते. अमृतेश्वराच्या देवळापासून सव्वासहाला निघालात तर प्रवरेचं पात्र आणि पुढचं रान उन्हाआधी संपतं. वाटेत हरिश्चंद्रगडाकडे, म्हणजे कात्राबाईच्या खिंडीकडे जाणारी वाट फुटते. ती मळलेली असल्यामुळे बोलण्याच्या नादात गट सरळ तिकडे जातो. फाट्यावर सगळे जमल्याशिवाय पुढे निघू नका.

शिड्यांपर्यंत साधारण अडीच तास. शिडीवर एका वेळी एकच माणूस, हात बाजूच्या दांड्यांवर, आणि ट्रेकिंगची काठी आधीच दुमडून सॅकमध्ये. शनिवार-रविवारी इथे रांग लागते, लवकर निघण्याचं ते दुसरं कारण. शिडीनंतर गणेश दरवाजा. गुहांपाशी माकडं सॅकची चेन उघडतात, तेव्हा खाऊ बाहेरच्या कप्प्यात नको. गडावरच्या टाक्यांपैकी पिण्याजोगं कोणतं, ते रतनवाडीतच विचारून घ्या. तरी प्रत्येकी ३ लिटर पाणी खालूनच हवं.

१२९७ मीटरच्या माथ्यावरचं नेढं म्हणजे कातळाला आरपार पडलेलं भोक. त्यात चढायला शेवटी छोटा कातळटप्पा आहे. सॅक खालीच ठेवा. नेढ्यात वारा इतका घुसतो की चढून उभं राहताना तोल जाऊ शकतो, म्हणून आधी बसा, मग उठा. अलंग, मदन, कुलंग आणि कळसूबाई बसूनही दिसतात.

खरं काम त्र्यंबक दरवाज्यापासून. इथल्या पायऱ्या कातळात खोदलेल्या, उंच, आणि काही ठिकाणी वर माती-खडे साचलेले. बहुतेक जण दरीकडे तोंड करून, बसत बसत उतरतात, आणि तिथेच चुकतं. पायरी गुडघ्यापेक्षा उंच असली की बसताना सॅकचा तळ मागच्या पायरीवर टेकतो आणि पुढे ढकलतो. सॅकला आडवी बांधलेली मॅट असेल तर ती बाजूच्या भिंतीला घासून अंग फिरवते. म्हणून मॅट उभी बांधा आणि अशा पायरीवर सरळ कड्याकडे तोंड करा. दोन हात, एक पाय पक्के, मगच दुसरा पाय खाली. पाय टेकला की पूर्ण भार टाकण्याआधी टाच हलवून खडे बाजूला सारा. अंतर असं ठेवा की वरच्याचा दगड सुटला तर खालचा त्याच्या रेषेत नसेल. दगड सुटलाच तर ‘दगड!’ असं ओरडायचं, आणि ऐकणाऱ्याने वर बघायचं नाही, भिंतीला चिकटायचं. नवखं कुणी असेल तर २० मीटरचा दोर सोबत असू द्या. हाताने धरायच्या दोरावर लटकायचं नसतं, तो फक्त तोल सांभाळायला.

पायऱ्या संपल्यावर कड्याच्या पोटातून खुट्ट्याच्या सुळक्याकडे आडवं जायचं आणि मग रानातून साम्रद. आडव्या वाटेवर घसारा आहे. इथे घाई करणारेच पडतात, कारण अवघड संपलं असं वाटतं.

रविवारी सांधण. दोन्हीकडे दोनशे-तीनशे फुटी भिंती आणि मधे धोंड्यांचा खच. सुरुवातीच्या झऱ्यावर पाणी भरून घ्या. पहिला डोह उथळ, दुसरा खोल. नक्की किती, हे त्या वर्षीच्या पाण्यावर. फोन आणि कोरडे मोजे प्लास्टिकच्या पिशवीत, सॅक डोक्यावर, आणि बूट पायातच. अनवाणी उतरलं की तळाचे दगड कापतात. डोहानंतर ओला तळवा गुळगुळीत धोंड्यावर हमखास सरकतो. पहिली पाच-सात मिनिटं उड्या मारू नका, खडबडीत दगडावर बूट घासून कोरडे होऊ द्या. पुढेही प्रत्येक धोंडा आधी पायाने ढकलून बघावा. मोठा म्हणून तो हलत नाही असं नाही.

पहिला कडा साधारण ४५ फूट. हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचा पट्टा), डिसेंडर (दोरावरून उतरताना वेग आवरणारं साधन) आणि ते वापरणारा जाणकार नसेल तर इथून मागे. ज्यांना उतरायचंच आहे त्यांनी दोराचा हिशेब करावा: ४५ फूट म्हणजे जवळजवळ १४ मीटर, दुहेरी दोराला २८. त्यात अँकर, म्हणजे दोर अडकवायची जागा, काठापासून मागे, म्हणून ३० मीटरचा दोर अपुराच. ४० मीटर किमान, दोन्ही टोकांना गाठी. शिवाय एकदा दोर ओढून घेतला की मागची वाट बंद. मग पुढचे टप्पे आणि करोली घाटाचा चढ पदरी पडतो, आणि तो वेगळा पूर्ण दिवस.

आभाळ भरलेलं असेल तर घळीत शिरूच नका. अवकाळी सर वर कुठे पडली तरी पाणी इथूनच जातं आणि बाजूला पळायला जागा नाही. आग्या मोहोळांसाठी अत्तर, धूर, आरडाओरडा वर्ज्य. माश्या उठल्याच तर अंगावर घ्यायला एक पातळ चादर सॅकमध्ये वरच ठेवा, आतल्या तळाशी असून उपयोग नाही. फोनला रेंज धरू नका, परतीची वेळ साम्रदमध्ये सांगून जा.

परतताना खोल डोह आधी लागतो, आणि तोवर पाय थकलेले असतात. त्यामुळे कड्याशी पोचलेलो असलो-नसलो तरी साडेअकराला मागे फिरायचं.