इयरबुकमध्ये कोण किती वेळा येते

न्यू जर्सीतल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये मी गणित शिकवते आणि इयरबुकची, म्हणजे शाळेच्या वर्षभराच्या छायाचित्रांच्या पुस्तकाची, सल्लागार म्हणूनही काम पाहते. दुसरे कोणी पुढे येईना म्हणून ते काम माझ्याकडे आले आणि मग राहिले. भारतातल्या मैत्रिणींना हे महाविद्यालयीन नियतकालिकाचे संपादन वाटते, पण दोन्हींची जात निराळी आहे. आपल्या नियतकालिकात ज्याला लिहिता येते तो येतो: कथा, कविता, प्राचार्यांचे मनोगत, शेवटी स्नेहसंमेलनाची छायाचित्रे, आणि अंक चांगला उतरला तर विद्यापीठाच्या स्पर्धेत बक्षीस. इथे लेखन-कवितांसाठी बहुधा वेगळे मासिक असते. इयरबुकमध्ये मात्र शाळेतले प्रत्येक मूल यावे लागते, मग त्याने वर्षभरात काही गाजवलेले असो वा नसो.

कामाची सुरुवात सप्टेंबरात ‘लॅडर’ने होते, म्हणजे कोणत्या पानावर काय येणार याचा तक्ता. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत छापले जाते आणि एकेक फर्मा ठरलेल्या तारखेला छापखान्याकडे गेलाच पाहिजे. जॉस्टेन्स, वॉल्सवर्थ, हर्फ जोन्स अशा मोजक्या कंपन्यांकडे या छपाईचा मोठा भाग एकवटलेला आहे. मुले त्यांच्याच संकेतस्थळावर पाने मांडतात. जूनमध्ये पुस्तक हाती हवे असेल, तर शेवटची पाने मार्चच्या सुमारास द्यावी लागतात, आणि त्यामुळे वसंतातले सामने, प्रॉम हा नृत्यसमारंभ आणि पदवीदान यांतले काहीच त्यात येत नाही. काही शाळा पुस्तक उन्हाळ्यानंतर काढतात. त्यात सारे वर्ष येते, पण तोवर बारावीची मुले गावोगाव पांगलेली असतात. मला मुलांच्या हाती वेळेवर पडणारे अपुरे पुस्तकच बरे वाटते. 2020 मध्ये मार्चमध्येच शाळा बंद झाल्या आणि उन्हाळ्यानंतर पुस्तक काढणाऱ्या शाळांकडेही वसंताच्या पानांसाठी छायाचित्रेच उरली नाहीत, तेव्हा हे अपुरेपण सगळ्यांनाच दिसले.

सर्वांत कटकटीचा भाग क्लबांचा. 1984 च्या ‘इक्वल ॲक्सेस ॲक्ट’नुसार, केंद्राचा निधी घेणाऱ्या सरकारी माध्यमिक शाळेने अभ्यासक्रमाबाहेरचा एक जरी विद्यार्थी-क्लब भरू दिला, तर धार्मिक, राजकीय किंवा वैचारिक आशयाचे कारण देऊन दुसऱ्या क्लबला जागा नाकारता येत नाही, नेब्रास्कातल्या ओमाहा येथील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये हा कायदा उचलूनही धरला. त्यामुळे समाजसेवेचा ‘की क्लब’, रोबोटिक्स, संयुक्त राष्ट्रांच्या सभेची नक्कल करणारे ‘मॉडेल यूएन’, वादविवाद, बायबल-अभ्यास, दक्षिण आशियाई मुलांचा क्लब अशी यादी वाढत जाते. त्यात भर म्हणजे विद्यापीठ-प्रवेशाच्या ‘कॉमन ॲप’ या सामाईक अर्जात उपक्रमांसाठी दहा रकाने असतात, आणि ते भरण्याच्या ओढीने काही क्लब केवळ कागदावर जन्माला येतात. क्लबांच्या छायाचित्रांच्या दिवशी ध्वनिक्षेपकावरून एकेक नाव पुकारले जाते, व्यायामशाळेच्या पायऱ्यांवर गर्दी होते, आणि त्या गर्दीतले कित्येक चेहरे त्या क्लबच्या बैठकीत कोणीही पाहिलेले नसतात.

यावरून संपादक मंडळात दरवर्षी भांडण होते. मांडणी करणाऱ्या मुलांना हे सामूहिक फोटो नकोसे वाटतात: सगळे सारखेच, ओळीने उभे, डोळे अर्धे मिटलेले. त्यांना प्रत्यक्ष काम चालू असतानाचे छायाचित्र हवे असते, म्हणजे यंत्रमानवाची तार जोडणारी मुलगी किंवा बुद्धिबळाच्या पटावर ओणवा झालेला मुलगा. छायाचित्र म्हणून त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. पण मंडळाबाहेरच्या, खेळात नसलेल्या, नाटकात नसलेल्या एखाद्या अबोल मुलाचे नाव वर्गवार छायाचित्राशिवाय अन्यत्र छापले जाण्याची जागा बहुतेक वेळा हाच कंटाळवाणा फोटो असतो. शेवटी असा तोडगा निघाला की पुढच्या पानांवर कामातली छायाचित्रे घ्यावीत आणि सामूहिक फोटो लहान करून, ओळीनिहाय पूर्ण नावांसह, मागे लावावेत.

नावांचे म्हणाल तर ते स्वतंत्र प्रकरण आहे. शाळेच्या नोंदीत मराठी मुलाचे वडिलांचे नाव मधल्या नावाच्या रकान्यात पडते, तमिळ मुलाच्या वडिलांचे नाव आडनाव होऊन बसते, आणि घरचे हाक मारतात ते नाव तिसरेच. म्हणून प्रत्येकाला स्वतःचे नाव वाचून सही करायला लावतो. आमच्या सहसंपादिकेला हे सांगावे लागले नाही. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात ती मला ‘काकू’ म्हणते, शाळेत कटाक्षाने ‘मिसेस’ लावते, आणि दोन्हीकडे माझे शुद्धलेखन तपासते.

बारावीच्या मुलांनी आपल्या फोटोखाली छापायला दिलेली अवतरणे आणि पालकांनी मुलांसाठी दिलेल्या शुभेच्छांच्या जाहिराती यांविषयी फार सांगण्यासारखे नाही. अवतरणांत रासायनिक मूलद्रव्यांच्या चिन्हांतून शिव्या दडवण्याची युक्ती प्रत्येक पिढीला आपलीच वाटते. जाहिरातींचा पैसा मात्र पुस्तकाची किंमत आवाक्यात ठेवतो, आणि त्यात टोपी घातलेल्या गुबगुबीत बाळांचे बारशाचे फोटोही येतात.

मजकुराचा अंतिम निर्णय माझा नाही, हे पालकांना पटवणे अवघड जाते. मिसुरीतल्या हेझलवूड ईस्ट हायस्कूलच्या वृत्तपत्रातून 1983 मध्ये मुख्याध्यापकांनी दोन पाने काढून टाकली, त्यांत किशोरवयीन गर्भधारणा आणि आईवडिलांचा घटस्फोट या विषयांवरचे लेख होते. 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बाजूने निकाल दिला. न्यू जर्सीने 2021 च्या डिसेंबरात कायदा करून, बदनामी वा खासगीपणाचा भंग असे अपवाद वगळता, मजकूर ठरवण्याचा अधिकार विद्यार्थी-संपादकांकडे दिला. मी शंका विचारते, ते ठरवतात. आम्ही दोघेही या व्यवस्थेवर नेहमी खूश असतो असे नाही.

मुलांनी आपणहून ठरवलेला आणि मला मनापासून आवडलेला नियम सूचीचा आहे. पुस्तकाच्या शेवटी प्रत्येकाच्या नावापुढे पानांचे आकडे असतात. ही सूची आम्ही फेब्रुवारीतच छापून भिंतीवर लावतो, आणि ज्याच्या नावापुढे एकच आकडा आहे त्याच्यावर पिवळी खूण करतो. कमीत कमी तीन वेळा तरी प्रत्येकजण यावा, हे इयरबुकवाल्यांच्या जगात सर्वपरिचित उद्दिष्ट आहे, गाठणे कठीण. खूण केलेली नावे वाटून घेऊन मुले जेवणाच्या सुट्टीत त्या त्या टेबलावर जातात आणि ‘शाळा सुटल्यावर काय करतोस’ एवढेच विचारतात. कोणी वडिलांच्या दुकानात गल्ल्यावर बसतो, कोणी धाकट्या भावंडांना सांभाळतो, म्हणूनच क्लबला थांबत नाही. अशा मुलांसाठी यंदा संपादकांनी शेवटच्या फर्म्यातली चार पाने रिकामी ठेवली आहेत, आणि रोबोटिक्सवाले ती पाने मागायला दोनदा येऊन गेले आहेत.